भावाला परत आत टाकू नयेत म्हणून काय करू?

प्रश्न : नमस्कार मॅडम, आमचं गाव गुहागरकडे. माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा, आधी ट्रॉलरवर खलाशी होता, ६ वर्षं झाली स्किझोफ्रेनियाचा त्रास आहे. गोळ्या चालू असल्या की नारळ सोलतो, बागेचा गडगा नीट करतो, कोणाला काही त्रास नाही. यंदा पावसात गोळ्या संपल्या, तालुक्याला जाऊन आणायला कोणी नव्हतं, मी मुंबईला आणि आई सत्तरीची. नवरात्रात त्याने एका दुकानाच्या काचा फोडल्या, आतून त्याला शिव्या ऐकू येत होत्या म्हणे. केस झाली, जामिनाला कोणी उभं राहिलं नाही म्हणून १६ दिवस आत होता. आता घरी आहे, पुढच्या महिन्यात तारीख. वाडीतले म्हणतात परत काही केलं तर आतच राहूदे, कोणी म्हणतं बाहेरचं आहे, गाऱ्हाणं घाला. माझी मुलगी सांगते अमेरिकेत केस मॅनेजर असतो आणि जेल टळतं. आपल्याकडे असं काही आहे का?
– एक बहीण

उत्तर : ताई, १६ दिवस वाचून फार वाईट वाटलं, कारण तुमच्या भावाला आत नेलं ते काचांमुळे कमी आणि संपलेल्या गोळ्यांमुळे जास्त.

मुलगी बरोबर सांगतेय. तिकडे मेम्फिस शहरात १९८७ साली मानसिक आजार असलेला एक माणूस पोलिसांच्या गोळीने गेला, त्यानंतर १९८८ पासून तिथल्या पोलिसांना अशा माणसाशी कसं वागायचं याचं वेगळं ट्रेनिंग सुरू झालं. फ्लोरिडात मायामी-डेडला २००० सालापासून कोर्टाचाच एक प्रकल्प किरकोळ गुन्ह्यातल्या आजारी माणसाला जेलमधून उपचारांकडे वळवतो. केस मॅनेजर म्हणजे काय तर त्या माणसाच्या गोळ्या, राहायची सोय, डॉक्टरची अपॉइंटमेंट, कोर्टाची तारीख हे सगळं लक्षात ठेवून मागे लागणारा एक माणूस. तसं पद आपल्या तालुका कोर्टात तुम्हाला मिळणार नाही, पण त्याचं काम बरंचसं आपल्याला जमवता येतं.

आपला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे ना, त्याचं कलम १०० नीट समजून घ्या. आजारामुळे कोणी स्वतःला सांभाळू शकत नसेल किंवा त्याच्यापासून धोका असेल तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यायचं आणि लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासायला न्यायचं, लॉकअपमध्ये अजिबात ठेवायचं नाही. पण एकदा का गुन्हा दाखल झाला की मामला फौजदारी कायद्याकडे जातो, म्हणून पहिला फोन कोण करतो आणि काय सांगतो याला फार महत्त्व आहे. "माणूस तोडफोड करतोय" असं कळलं तर एक होतं, "अमक्याचा मुलगा आहे, आजारी आहे, गोळ्या सुटल्यात, दवाखान्यात न्यायचाय" असं कळलं तर दुसरं होतं. तुम्ही आत्ताच पोलीस ठाण्यात जाऊन एक कागद देऊन या, त्यावर आजार, औषधं, डॉक्टरचं नाव आणि २ फोन नंबर, आणि त्याची पोच घ्या.

केससाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा, मानसिक आजार असलेल्याला वकील फुकट मिळतो. दवाखान्याच्या जुन्या केसपेपरपासून सगळ्याच्या झेरॉक्स न्या. आजार आहे म्हणून केस आपोआप मिटत नाही हे मात्र खरं. दुकानदाराला जाऊन भेटा, काचांचे पैसे द्या, खाजगी माणसाचंच नुकसान असेल तर असा गुन्हा त्याच्या संमतीने मिटवता येतो, कसं ते वकील सांगतील. आणि जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही तर त्याला गरीब धरून स्वतःच्या बंधपत्रावर, म्हणजे त्याच्याच लेखी हमीवर, सोडायची कायद्यातच सोय आहे, हे कोणी तेव्हा बोललं असतं तर १६ दिवस झाले नसते बहुतेक.

आता गोळ्या. डॉक्टरांना विचारा की २ ते ४ आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन त्याला चालेल का, म्हणजे रोजची कटकट नाही. नाहीतर आगोटीची बेगमी करतो तेव्हा तांदूळ, सुक्या मासळीबरोबर गोळ्यांचाही साठा डॉक्टरांना सांगून भरून ठेवा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि रात्री-अपरात्री टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य फोनसेवेचा, १४४१६ नंबर लागतो, तो आईच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

आईवर हे सगळं टाकू नका. वाडीतला एक चुलतभाऊ, मामा, आशाताई, जो कोणी भावाचं ऐकतो त्याला विचारा, आठवड्यातून एकदा गोळ्यांचं पाकीट बघायचं आणि झोप कमी झाली, एकटाच बोलायला लागला की तुम्हाला फोन करायचा, एवढंच काम. तुमचा केस मॅनेजर तोच. गाऱ्हाणं घालायचं तर जरूर घाला, देवाला सांगण्यात वाईट काही नाही, फक्त त्या दिवशीची गोळी चुकू देऊ नका.

तारखेला रजा काढून तुम्ही स्वतः या. सकाळची गोळी, फाईल आणि पेजेचा डबा घेऊन त्याच्या शेजारी बसा, नाव पुकारेपर्यंत कधी कधी दुपार होते.