घणसोलीतल्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलवर पेंडंट लाइट कोणता आणि किती उंचीवर लावावा?

आधी मापं घ्या, डिझाइन नंतर. टेबल ३० इंच उंच असेल तर दिव्याची खालची कड टेबलापासून ३० ते ३२ इंच वर हवी. स्लॅब साडेनऊ फुटांवर (११४ इंच) असेल, तर दिव्यासकट लटकण साधारण ५२ ते ५४ इंच येते. फॉल्स सीलिंगने ६ इंच खाल्ले तर ४६ ते ४८. वायर लांबच घ्या, कापता येते, जोडलेली वाईट दिसते.

३ फूट रुंद टेबलाला १८ ते २४ इंच व्यासाचा एक दिवा पुरतो. ५ फूट लांबीवर तीन छोटे लावायचे तर ८-९ इंचांचे, मध्यापासून मध्यापर्यंत १८ इंच अंतराने.

नेहमीची चूक म्हणजे जड काचेचा दिवा फॉल्स सीलिंगच्या जिप्सम बोर्डलाच टांगणं. बोर्ड फाटतो. वजन स्लॅबमधल्या अँकर फास्टनरवरच (काँक्रीटमध्ये घट्ट बसणाऱ्या बोल्टवरच) हवं, म्हणून जागा फॉल्स सीलिंगच्या आधी ठरवा. दिवा पंख्याच्या पात्यांपासून लांब ठेवा, नाहीतर झुलतो आणि सावल्या थरथरतात.

खाडीकडची हवा दमट, खारट. साधं लोखंड गंजतं, स्वस्त सोनेरी मुलामा काळवंडतो. पावडर कोटेड ॲल्युमिनियम बरं. ई२७ (बल्ब फिरवून बसवायचा, नेहमीच्या मापाचा) होल्डर असेल तर बल्ब सहज बदलता येतो. बल्ब २७०० ते ३००० केल्विन (उबदार पिवळसर उजेड), सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० च्या वर. पांढऱ्या उजेडात वरण फिकं दिसतं. डिमर (उजेड कमी-जास्त करणारा स्विच) लावणार असाल तर बल्बही डिमेबलच घ्या, नाहीतर लुकलुकतो.