खिडकीपुढे मान डोलावणारे काका

‘सरकारी कार्यालयात सोय मागितली तर लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला इतक्या जणांनी विचारला आहे की आता समोरचा खुर्चीत बसून घसा खाकरतो तेव्हाच मला तो ऐकू यायला लागतो. कुणाला रांगेत उभं राहवत नाही, कुणाला फॉर्मवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, कुणाचा स्वमग्न मुलगा सेतू केंद्रातल्या गर्दीत बिथरतो. यातल्या बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये शासन निर्णयांच्या पीडीएफ पडलेल्या असतात. हक्क माहीत असतो, पण खिडकीपुढे गेलं की शब्द फुटत नाही. म्हणून हा अनुभव लिहिते आहे, त्या गृहस्थांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

काकांना मुलगी घेऊन आली. नागपुरात गोळीबार चौकाच्या बाजूला राहणारं घर, उभी हयात पॉवरलूमवर गेलेली. काकांचे वडील वारल्यावर घर टॅक्सच्या डिमांडवर, म्हणजे कराच्या बिलावर, नाव बदलायचं होतं आणि ते काम रखडलं होतं. मुलीची तक्रार वेगळीच होती. ‘‘बाबा चिडचिडे झालेत. कुठेच जात नाहीत. ऑफिसचं नाव काढलं की पोटात दुखते म्हणतात.’’

मी काकांना विचारलं, ‘‘चहा घेणार की पाणी?’’

त्यांनी हसून मान डोलावली.

माझं निदान तिथेच निम्मं झालं होतं. मुलीला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं, खुर्ची त्यांच्या समोर ओढली आणि सावकाश, चेहऱ्याकडे पाहत बोलायला लागले. ते म्हणाले, ‘‘मॅडम, आवाज तं येते. शब्द नाही समजत.’’ मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचं असंच होतं. आधी बारीक, उंच स्वर जातात. स, श, फ, त यांसारखी अक्षरं पुसट होतात आणि वाक्य ऐकू येऊनही हाती लागत नाही. बाकीच्यांना वाटतं, यांना सोयीचं तेवढं ऐकू येतं.

कार्यालयात काय घडलं ते त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. बाकावर बसून होते, नाव पुकारलं गेलं, कळलं नाही. जेवणाच्या सुट्टीला खिडकी बंद झाली. नंतर गेले तर बाबू म्हणाला, दोनदा आवाज दिला होता. मग त्याने कुठला तरी कागद आणायला सांगितला. काकांनी मान डोलावली आणि घरी आले. कुठला कागद, ते त्यांना आजही माहीत नव्हतं.

‘‘परत विचारलं का नाही?’’

‘‘येड्यात काढलं असतं ना जी.’’

मी विवेकनिष्ठ विचारांच्या वाटेने जाणारी आहे. बाबूच्या नजरेने माणूस तेवढा कोलमडत नाही, जेवढा त्या नजरेचा जो अर्थ तो स्वतःला सांगतो त्याने कोलमडतो, असं मी मानते. पण हे व्याख्यान काकांना देऊन उपयोग नव्हता. पुढच्या भेटीत मी टेबलामागे बसले, समोर रजिस्टर उघडलं आणि म्हटलं, मी बाबू. बोला.

‘‘माफ करा साहेब, माझं जरा कानाचं… वय झालं… त्रास देतो तुम्हाला…’’

मी मान वर न करता म्हटलं, ‘‘बरं बरं, बसा तिकडे.’’

आणि काका खरंच जाऊन बसले! दोघंही हसलो. मग मी विचारलं, ‘‘आता सांगा, मी नेमकं काय करायला हवं होतं?’’ ते बघत राहिले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, त्यांनी स्वतःलाही नाही.

तेव्हा मला पुढचा प्रश्न सुचला. तो वेळेवर सुचला याचं समाधान मी लपवणार नाही. ‘‘काका, लूमच्या खडखडाटात एकमेकांशी कसे बोलायचे?’’

त्यांचा चेहराच बदलला. ‘‘हातानं! कांडी संपली तं असं, धागा तुटला तं असं.’’ बोटं भराभरा चालू लागली. मालक आला की डोक्यावर टोपीची खूण, चहा आला की अंगठा तोंडाशी. ‘‘तिथं कोणालेच ऐकू येत नव्हतं ना!’’

‘‘मग खूण करायला लावताना कुणाची माफी मागायचे?’’

‘‘त्यात माफी कायची?’’ ते बोलून गेले आणि थांबले. हात तसेच हवेत होते. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवावं, हे मला फार उशिरा नाही, पण कष्टाने जमलं आहे. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘‘म्हणजे त्या बाबूनं हात केला असता तं झालं असतं.’’

आमच्या सगळ्या भेटींचं सार या वाक्यात होतं. आपण सोय मागायला जातो आणि आपली कमतरता सांगून येतो. समोरच्याला दया येते किंवा कंटाळा येतो, पण आपण काय करायचं ते त्याला कळत नाही. म्हणून आम्ही अर्ज लिहिला तो एवढाच: मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. माझा नंबर आल्यावर हाताने खूण करावी व लागणाऱ्या कागदपत्रांची नावे लिहून द्यावीत. खाली दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा उल्लेख. दोन प्रती, एकीवर आवकचा शिक्का.

एक गैरसमज इथेच काढते. 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आरक्षणासाठी आणि अनेक योजनांसाठी लागतं. पण अवाजवी बोजा पडणार नाही असा वाजवी बदल मागायला हा कायदा 40 टक्क्यांची अट घालत नाही. हात वर करण्याचा बोजा किती, ते तुम्हीच ठरवा. प्रमाणपत्र मात्र काढून ठेवावंच, पुढे कामी येतं. नकार मिळाला तर तो लेखी मागा. दाद मागायला पुण्यात राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे. कायद्यात दंडाचीही तरतूद आहे, पण पहिल्याच वाक्यात ती काढू नका. कलमं आपटत जाणाऱ्यांची कामं लवकर होताना मी तरी पाहिलेली नाहीत.

काका एकटे गेले. एका बाबूने ‘‘तुमच्यासाठी आता वेगळं काय करायचं?’’ म्हणून नाक मुरडलं. काकांनी शिक्क्याची प्रत पुढे सरकवली आणि हात वर करून दाखवला, असा. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चिठ्ठी लिहून दिली: वारस प्रतिज्ञापत्र, मृत्यू दाखल्याची प्रत. नाव त्या दिवशी बदललं नाही, पण काय कमी आहे ते काकांना पहिल्यांदाच समजलं होतं.

आता मुलगी रुसली आहे. ‘‘बाबा मला सोबत नेतच नाहीत,’’ म्हणते. वडिलांच्या वतीने बोलायची तिला इतकी सवय झाली आहे की माझ्याकडेही त्यांच्याआधी तीच उत्तर देते. पुढच्या भेटीला मी तिला एकटीला बोलावलं आहे.