नवी भाषा म्हणून डच शिकायची की पश्तो? आधी हे बघ

डच नेदरलँड्सची, पश्तो अफगाणिस्तान-पाकिस्तानातली, पण दोन्ही इंडो-युरोपियनच, म्हणजे मराठीच्याच भाषाकुळातल्या. तीनला डचमध्ये 'द्री', पश्तोत 'द्रे'. पण एवढ्यावर हुरळू नकोस, पुढे वाटा फुटतात.

डचची लिपी रोमन, त्यामुळे सुरुवात सोपी. घोळ 'दे' आणि 'हेट'चा, म्हणजे इंग्रजी 'द'सारख्या दोन शब्दांचा. कुठल्या नामाला कुठला, ते पाठच करावं लागतं. घशातला 'ख' मात्र दोन्हीकडे आहे.

पश्तोची लिपी उजवीकडून डावीकडे, म्हणून लोक घाबरतात. उगाच! ट, ड, ण आपल्याला फुकटात मिळतात. 'चमचा'तला च आणि 'जहाज'मधला जसुद्धा. क्रियापदही मराठीसारखं शेवटी. आणि भूतकाळात 'मी पोळी खाल्ली' म्हणताना क्रियापद 'मी'प्रमाणे नाही, पोळीप्रमाणे बदलतं ना, पश्तोतही तसंच. डचवाल्याला हे समजवायला घाम फुटेल. मी तुझ्या जागी पश्तोच घेतली असती.