बहिणीचा दहावीचा एक पेपर बुडालाय. वर्ष वाया गेलं का?

तुम्ही लिहिलंय की अपघातामुळे बहिणीचा हिंदीचा पेपर बुडाला, बोर्ड तो परत घेईल का, आणि घरचे म्हणतात आता शाळा पुरे. पहिल्याचं उत्तर सरळ आहे: नाही. एकट्या मुलीसाठी बोर्ड लेखी पेपर परत घेत नाही, डॉक्टरचा दाखला जोडला तरी. प्रात्यक्षिक किंवा तोंडी परीक्षा बुडाली असती तर 'आउट ऑफ टर्न', म्हणजे ठरलेली तारीख गेल्यावर वेगळ्या दिवशी, देता आली असती. 2020 साली भूगोलाच्या पेपरचे सरासरी गुण मिळाले, पण तो पेपर अख्ख्या राज्याचा रद्द झाला होता. बोर्डाशी भांडताना ते उदाहरण कामाचं नाही.

घरच्यांचं ते वाक्य मात्र मला झोंबलं.

2004 साली माझी धाकटी बहीण दहावीला होती. गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी. इंग्रजीच्या पेपरच्या आदल्या दिवशी भाऊबंदांत लग्नाची हळद. आई म्हणत होती, पोरीला घरी राहू द्या. मोठे काका ऐकेनात, पोर दिसली नाही तर लोक नावं ठेवतील म्हणे. गेली. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, आणि मार्चचं ऊन. रात्री अर्ध्या पंगतीला जुलाब-उलट्या. सकाळी पेपर सुरू झाला तेव्हा हिच्या हाताला सलाईन होतं आणि उशाशी कंपासपेटी, कारण उशिरा का होईना आत घेतील अशी तिला आशा होती.

निकाल आला. बाकी सगळे विषय पास, इंग्रजीत गैरहजर, म्हणून नापास. तेच काका ओट्यावर बसून वडिलांना म्हणाले, "आते वरीस गयं. पाव्हना दखा." म्हणजे आता वर्ष गेलं, हिच्यासाठी स्थळ बघा. वडील मोठ्या भावापुढे कधी बोलत नसत. आई बोलली. "लगीनमुये पेपर गया. आते शाळा बी लगीनमुयेच जाई का?" लग्नामुळे पेपर गेला, आता शाळाही लग्नामुळेच जाणार का? काका उठून गेले, पुढे कित्येक महिने आमच्या दारात आले नाहीत. बहिणीने ऑक्टोबरला पेपर दिला, पास झाली. मधल्या काळात सकाळी कापसाच्या निंदणीला जायची, दुपारी अमळनेरला टायपिंग शिकायची. आज ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. काकांना अजूनही वाटतं की आम्ही त्यांचा मान राखला नाही. पोरीची परीक्षा आणि भाऊबंदांतला मान यांत मान निवडणारा माणूस वयाने मोठा असला तरी चुकलेलाच असतो, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय.

तुमच्या बहिणीचं तर तेवढंही नुकसान नाही. 2015 पासून दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी साधारण पावसाळ्यातच होते. राहिलेला विषय तेवढाच द्यायचा, पास झालेले परत द्यावे लागत नाहीत. फॉर्म शाळेतूनच भरतात, नाशिकच्या विभागीय मंडळात खेटे घालायची गरज नाही. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या बोलीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. ही सोय आमच्या वेळी असती तर काकांना बोलायला जागाच उरली नसती.

हां, पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला जायचं असेल तर दहावी पूर्ण पास लागते, तिथे एटीकेटी चालत नाही. आणि एकच विषय राहिलाय हे मी धरून चाललोय. निकालात आणखी काही निघालं तर हिशोब बदलेल. तरी निकालाच्याच आठवड्यात शाळेत जाऊन फॉर्मची तारीख विचारा. घरी कोणी पाहुण्यांचा विषय काढला तर आधी आईला तुमच्या बाजूने घ्या.