दुधाच्या रांगेत तेरा बटणं

प्रश्न : ताई, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. आमच्या गावच्या दूध डेअरीसाठी मोबाईल ॲप केलंय. आधी त्यात लिटर, फॅट आणि पावती एवढंच होतं. मग सेक्रेटरी म्हणाले पशुखाद्याची उधारी घाला, चेअरमन म्हणाले दिवाळीचा बोनस घाला. कुणी जनावरांच्या डॉक्टरचा नंबर मागितला, कुणी कन्नड मागितलं. आता पहिल्याच स्क्रीनवर तेरा बटणं झालीत आणि दूध घेणारा पोरगा म्हणतो, ‘ह्याच्यापेक्षा वही बरी की ओ!’ पुण्याचा एक मित्र सांगतो, अक्षरं काढ, नुसती चित्रं ठेव, मिनिमल कर. मला वाटतंय, न वापरलेली बटणं ॲपनं आपोआप लपवावीत. करू का तसं?

उत्तर : नका करू. मायक्रोसॉफ्टनं हे करून बघितलंय. ऑफिस २००० मध्ये मेनू उघडला की नेहमीचे पर्याय तेवढे दिसायचे, बाकीचे तळाच्या दुहेरी बाणामागे. मी तेव्हा संगणकाच्या क्लासला जायची. सर म्हणायचे ‘वरून पाचवा’, आणि प्रत्येकीचा पाचवा निराळा! ऑफिस २००७ आलं तेव्हा वर्ड-एक्सेलमधले ते मेनूच गेले. हाताला जागा पाठ होते हो. खडेबाजारातला किराणावाला हळदीच्या डब्याकडे बघतसुद्धा नाही, हात आपोआप जातो. रोज रात्री कुणी त्याचे डबे खपाप्रमाणे हलवून ठेवले तर तो सकाळी काय बोलेल, ते इथे छापता येणार नाही.

मित्राचंही ऐकू नका. हे मी तोंड पोळून सांगते. शहापुरातल्या एका साडी दुकानासाठी मी बिलांचं ॲप केलं होतं. एकदम स्वच्छ, अक्षर म्हणून नाही, खाली पाच चित्रं. त्यात जुनी बिलं बाजूला काढायचं चित्र होतं : खोका आणि आत जाणारा बाण. मालकांना तो गल्ला वाटला. पैसे मिळाले की ते त्यावर बोट ठेवायचे, म्हणजे रक्कम पेटीत पडली! बिल यादीतून गायब व्हायचं, तेही त्यांना बरोबरच वाटायचं. महिनाअखेरीला निम्मी विक्री दिसेना तेव्हा मला फोन. चूक त्यांची नव्हती. चित्राखाली एक शब्द लिहिला असता तर माझा स्क्रीन थोडा कमी देखणा झाला असता, एवढंच.

आता तुमची तेरा बटणं. ती एका वेळची नाहीतच. सकाळी सहाला पाऊस कोसळतोय, रांग दारापर्यंत आलीय, पोराचे हात दुधानं ओले आहेत. त्या घडीला त्याला हवं काय? सभासदाचा नंबर, गाय की म्हैस, लिटर, फॅट, पावती. बस्स. तारीख आणि सकाळ-संध्याकाळ फोनला कळते, मग विचारता कशाला? दर तक्त्यावरून ॲपनं काढावा. गाय की म्हैस हे मागच्या वेळेप्रमाणे भरून ठेवा, पण डोळ्यांसमोर असू द्या. एकाच घरात दोन्ही असतात. आणि बटण मोठं करा. अँड्रॉइडच्या सूचनांत बोटाची जागा किमान ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर सांगितलीय. ती कोरड्या बोटाची. रेंज गेली तरी नोंद फोनमध्ये राहिली पाहिजे, हे खानापूरकराला मी काय सांगू.

उधारी, बोनस, ॲडव्हान्स हे बिलाच्या दिवसाचं काम. ते सेक्रेटरी खुर्चीत बसून, चष्मा लावून करतात. त्यांना एका ‘बिल’ बटणामागे सगळं द्या, दाटीवाटीनं दिलं तरी चालेल. कट-कॉपी-पेस्ट रुळवणारे लॅरी टेस्लर म्हणायचे की कामातली गुंतागुंत ठरावीक असते. ती नाहीशी होत नाही, कुणाच्या डोक्यावर टाकायची एवढंच ठरवता येतं. पोराच्या डोक्यावरची काढून तुमच्या आणि सेक्रेटरींच्या डोक्यावर घ्या. डॉक्टरचा नंबर? डेअरीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहा.

कन्नडला मात्र ह्या वाढीव मागण्यांच्या यादीत धरू नका. आपल्याकडे रांगेत पुढचा मराठी बोलतो, मागचा कन्नड, आणि दूध घेणारा दोघांशी दोन्ही. सभासदाची भाषा खातं उघडताना एकदाच विचारा, पावती कायम त्याच भाषेत निघू दे. भाषा बदलायच्या जागी ‘कन्नड’ हा शब्द कन्नड लिपीतच हवा. ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला मराठीतला ‘कन्नड’ काय कळणार? मजकूर बटणात बसतो का, तेही बघा. कन्नडचं ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं खाली लिहायचं अक्षर, ओळीखाली लोंबतं, मराठीची वेलांटी वर चढते. इंग्रजीच्या मापानं बटण कापलं की दोघांचीही मुंडी किंवा पाय जातो.

वही अजून फेकली नसेल तर महिनाभर ॲपच्या शेजारीच राहू द्या, आणि पोराला काही सांगू नका. ॲप असूनही तो वहीत जे लिहील, ते तुमच्याकडे नाही किंवा सापडत नाही. महिन्यानंतर त्या पानांचे फोटो मला पाठवा. समासात पेन्सिलीनं खरडलेलं असेल, तेही.