वाचकांचे प्रश्न: जिताड्याची हॅचरी पाहायला फिलिपिन्सला

प्रश्न: पेणजवळ खारेपाटात आमचं जिताडा माशाचं तळं आहे. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) बाहेरून आणतो आणि दीड-दोन महिन्यांत निम्म्याहून जास्त नाहीशी होते. फिलिपिन्सच्या संशोधन केंद्रात जिताड्याचं बीज, म्हणजे पिल्लं, कसं तयार करतात ते पाहायचं आहे. परवानगी कशी मिळवावी?

उत्तर: तुम्ही म्हणता ते केंद्र सीफडेक (आग्नेय आशियाई मत्स्यविकास केंद्र) या संस्थेचा मत्स्यसंवर्धन विभाग आहे. पनाय बेटावर इलोइलो शहरापासून २०-२२ किलोमीटरवर तिगबाउआन या किनाऱ्यावरच्या गावात १९७३ मध्ये तो सुरू झाला. त्याची उपकेंद्रं वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, म्हणून पत्र लिहिण्याआधीच काय पाहायचं ते ठरवा. समुद्री माशांच्या हॅचऱ्या (अंडी उबवून पिल्लं काढण्याच्या जागा) तिगबाउआनला आहेत. निमखाऱ्या पाण्याची तळी दुमांगासला, समुद्रातले पिंजरे गिमारास बेटावर इगांगला, तर गोड्या पाण्याचं काम मनिलाजवळ बिनांगोनानला चालतं. खारेपाटातल्या माणसाने तिगबाउआन आणि दुमांगास पाहावं. वेळ उरला तर इगांग.

सीफडेकचे सदस्य म्हणजे जपान आणि आग्नेय आशियातले देश. भारत त्यात नाही, त्यामुळे सरकारी ओळखीवर विसंबू नका. दोन महिने आधी ईमेल करा आणि त्यात चारच गोष्टी सांगा: तुम्ही कोण, तळ्याचं क्षेत्रफळ आणि वर्षभरातली क्षारता, नेमकी अडचण, आणि सोयीच्या तीन तारखा. ‘केंद्र पाहायचं आहे’ एवढंच लिहिलंत तर प्रदर्शन दाखवून बोळवण होईल. ‘दोन इंचांची १,००० बोटुकली सोडली, सहा आठवड्यांनी ३५० उरली, मेलेले मासे तरंगताना दिसले नाहीत’ असं लिहिलंत तर ते पत्र त्या विषयाच्या माणसापर्यंत पोचतं. हाताने काम शिकायचं असेल तर भेटीऐवजी सशुल्क प्रशिक्षण मागा आणि शुल्क लेखी विचारून घ्या.

भारतीयांना जून २०२५ पासून पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, पण ही मुदत वाढवून मिळत नाही. प्रशिक्षणासाठी वेगळा व्हिसा लागेल का, हे तिकीट काढण्याआधी दूतावासाला विचारा. जानेवारीच्या चौथ्या रविवारच्या आसपास इलोइलोत दिनाग्यांग उत्सव असतो आणि खोल्या मिळत नाहीत. ईस्टरआधीच्या आठवड्यात कार्यालयं बंद असतात. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ. तेव्हा तटरक्षक दल होड्या थांबवतं आणि गिमारासचा बेत बारगळतो.

आणखी एक आग्रहाचं सांगणं. आधी चेन्नईच्या सीबा या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय संस्थेत जाऊन या. तिथे जिताड्याचं बीज १९९७ पासून तयार होतं. ते पाहिलं असेल तर तिगबाउआनला प्राथमिक प्रश्नांत दिवस जाणार नाही.

प्रश्न: हॅचरीत नेमकं काय पाहावं? टाक्या तर सगळीकडे सारख्याच दिसतात.

उत्तर: टाक्यांपेक्षा क्रम पाहा. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणून प्रजनक माशांच्या टाकीत लहान-मोठे दोन्ही ठेवावे लागतात. नुसते मोठे ठेवले तर नर कमी पडतात. अंडी बहुधा अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मिळतात. तुमच्या तारखा त्या धरून ठरवल्या तर अंडी गोळा करतानाच पाहता येईल. सुमारे २८ अंश तापमानाला आणि ३० पीपीटीच्या (हजार भागांत ३० भाग मीठ) आसपास क्षारतेला पिल्लं १७-१८ तासांत बाहेर पडतात. तेव्हा ती जेमतेम दीड मिलिमीटरची असतात.

अंगातला पिवळा बलक साधारण तीन दिवसांत संपतो. त्याच वेळी टाकीत रोटिफर हे सूक्ष्म जलजीव खाद्य म्हणून तयार असावे लागतात. ते एक दिवस जरी उशिरा मिळाले तर पिल्लं हातची जातात. रोटिफरना आधी शैवाल खाऊ घातलेलं असावं. उपाशी रोटिफर पोट भरतो, पोषण देत नाही. दहाव्या-बाराव्या दिवसापासून आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा चिमुकला जीव) सुरू होतो. पाण्याच्या पृष्ठभागावरचा तेलकट तवंग कशाने काढतात, तेही जरूर पाहा. तवंग राहिला तर पिल्लांना वर येऊन हवा गिळता येत नाही, हवेची पिशवी फुगत नाही आणि पुढे पाठ वाकडी झालेले मासे निघतात.

पेणच्या वाचकांची अडचण यानंतरच्या टप्प्यातली आहे. बोटुकली कमी होते पण मेलेली दिसत नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: मोठी लहानांना गिळतायत. जिताडा स्वतःच्या लांबीच्या ६०-६५ टक्के लांबीचा भाऊबंद गिळू शकतो. उपाय प्रतवारीचा. तिसऱ्या आठवड्यापासून दर पाच ते सात दिवसांनी मापाच्या छिद्रांच्या टोपलीतून मासे वेगळे करतात आणि एका मापाचे एकत्र ठेवतात. टोपलीच्या छिद्रांची मापं लिहून घ्या, फोटोची परवानगी मागा. तशी टोपली इथे करून घेता येते. सोडण्याआधी तळ्यात हापा (बारीक जाळीचा पिंजरा) लावून चार इंचांपर्यंत त्यातच वाढवलं आणि प्रतवारी केली, तर मर बरीच घटते.

प्रश्न विचारताना आकड्याचा पाया विचारा. ‘जगण्याचं प्रमाण ३० टक्के’ म्हणजे अंड्यापासून, पिल्लापासून की बोटुकलीपासून? प्रयोगाच्या टाकीत की विक्रीच्या? ३० पीपीटीवरून तुमच्या पावसाळ्यातल्या ५ पीपीटीवर आणायला किती तास घेतात? आणि वीज गेली तर एरेटर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) किती मिनिटांत सुरू होतो? कुठल्या बॅचेस वाया गेल्या आणि कशामुळे, हेही नम्रपणे विचारा. शास्त्रज्ञ याबद्दल मोकळेपणाने बोलतात आणि सर्वांत उपयोगाचं त्यातूनच मिळतं.

प्रश्न: एकाच दिवशी तळी आणि हॅचरी दोन्ही पाहता येतील का? माझा कोळंबीचा प्रकल्प आहे.

उत्तर: येतील, पण आधी हॅचरी, मग तळी. उलट नाही. कोळंबीचा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू ओल्या बुटांवरून, जाळ्यावरून आत जातो. आपल्या प्रकल्पावर वापरलेले बूट नेऊच नका, केंद्राचे वापरा. दारातल्या पायबुडीत (जंतुनाशक पाण्याच्या ट्रेमध्ये) दोन्ही पाय पूर्ण बुडवा, हात धुवा, टाकीत बोट घालू नका.

घरी अशी पायबुडी करायची असेल तर ५० लिटर पाण्यात ६५ टक्के क्लोरीनचं कॅल्शियम हायपोक्लोराइट १५ ग्रॅम टाका. त्याने सुमारे २०० पीपीएम (दशलक्ष भागांत २०० भाग) क्लोरीन मिळतं. साध्या ३३ टक्क्यांच्या ब्लीचिंग पावडरीचे ३० ग्रॅम लागतील. उन्हाने आणि चिखलाने क्लोरीन संपतं, म्हणून पायबुडी सावलीत ठेवा, आधी बूट ब्रशने घासा आणि पाणी रोज बदला. गढूळ पायबुडीचा उपयोग शून्य.

परत येताना पिल्लं, अंडी, शैवालाची बाटली, ओला नमुना यातलं काहीही बॅगेत आणू नका. परवानगी आणि विलगीकरणाशिवाय ते बेकायदा तर आहेच, आणि एका बाटलीतून आलेला रोग सगळ्या खाडीला भोवू शकतो.

प्रश्न: मी रत्नागिरीला मत्स्यविज्ञान शिकते आणि शाकाहारी आहे. तिथले लोक फार आग्रह करतात असं ऐकलं. काय करावं?

उत्तर: आग्रह होतो, आणि मनापासून होतो. सकाळी दहाच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास खाण्याची सुट्टी असते, तेव्हा जो खात असेल तो ‘काओन ता’, म्हणजे ‘चला जेवू या’, असं म्हणतो. हसून ‘सलामात’ म्हणावं, आत्ताच खाल्लं असं सांगावं, किंवा थोडं घ्यावं. काही न बोलता पुढे जाणं त्यांना लागतं.

शाकाहाराचं पत्रातच कळवा, आणि नुसतं ‘शाकाहारी’ लिहू नका. ‘मांस, मासे, कोळंबी, माशाचा सॉस आणि गिनामोस चालत नाही’ असं सविस्तर लिहा. गिनामोस म्हणजे कोळंबीचं किंवा माशाचं खारवलेलं वाटण. भाजीतही ते पडतं, आणि पुष्कळदा डुकराचं मांसही. तुरीचे दाणे आणि कच्चा फणस घालून केलेला इलोइलोचा प्रसिद्ध रस्सा ऐकून कोकणी मन खुलेल, पण त्यातही डुकराचं मांस असतंच. भात तिन्ही वेळा मिळतो. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट न्या.

मासे खाणाऱ्यांनी बातुआन घातलेलं माशाचं सार चुकवू नये. हे आंबट फळ कोकमाच्याच कुळातलं, त्यामुळे चव ओळखीची लागेल. व्हिनेगरमधला कच्चा मासा, किनिलाव, मात्र जपून खावा. व्हिनेगरने मांस पांढरं होतं, परजीवी मरतीलच असं नाही. कालवं खाण्याआधी तिथे सध्या ‘रेड टाइड’चा, म्हणजे समुद्रात विषारी शैवाल माजल्याचा, इशारा आहे का, ते विचारा. ते विष शिजवूनही जात नाही.

घरी बोलावलं तर चपला बाहेर काढा आणि थोरांना आधी भेटा. जेवणाचं बिल यजमान गुपचूप भरून टाकतात. पुढचं जेवण तुमच्याकडून, हे सकाळीच सांगून ठेवा. शास्त्रज्ञांना पैसे देऊ करू नका, पण होडीचं भाडं आणि इंधन तुम्हीच द्या.

प्रश्न: यजमानांसाठी हापूसची पेटी नेली तर?

उत्तर: नेऊ नका. ताजी फळं न्यायला फिलिपिन्सचा वनस्पती-विलगीकरण परवाना लागतो. त्यातून गिमारास हे आंब्याचं बेट. तिथल्या बागांत कीड शिरू नये म्हणून बाहेरचा ताजा आंबा, कोय किंवा कलम बेटावर आणायला बंदी आहे. होडीच्या धक्क्यावर तपासणी होते आणि त्यात यजमानाचीही अडचण होते. कंपनीच्या बंद वेष्टनातली काजूकतली किंवा चिक्की न्या, वेष्टनावर घटक इंग्रजीत छापलेले असू द्या. भेट एकट्या अधिकाऱ्याच्या हातात न देता सगळ्या विभागाला पुरेल एवढी न्या: टाक्या धुणाऱ्यापासून होडी चालवणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला मिळेल इतकी.