दम वाढला, वेग का नाही?

प्रश्न : सर, मी १७ वर्षांचा, फुटबॉलमध्ये विंगवर (मैदानाच्या कडेने) खेळतो. दोन महिने रोज सकाळी तळजाई टेकडीवर इंटरव्हल (जोरात पळणं, थोडी उसंत, पुन्हा जोरात) मारतोय. शेवटच्या मिनिटापर्यंत पळतो, पण पहिल्या दहा मीटरमध्येच समोरचा बॅक (बचावपटू) मला गाठतो. काय चुकतंय? – एक खेळाडू, सहकारनगर

उत्तर : अरे, तुझ्या मेहनतीत खोट नाही. तू दमाचा व्यायाम करतोयस आणि मागतोयस वेग. नॉर्वेतल्या युवा फुटबॉलपटूंवरचा २००१ सालचा अभ्यास हेच सांगतो. आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, चार-चार मिनिटांच्या चार जोरकस फेऱ्या. सामन्यात ती मुलं २० टक्के जास्त अंतर धावली, स्प्रिंटची संख्या दुप्पट झाली. निव्वळ वेग मात्र होता तिथेच राहिला! तुझंही तेच झालंय.

वेगाला ताजे पाय लागतात. स्नायूंतलं झटपट ताकद देणारं इंधन, क्रिएटिन फॉस्फेट, काही सेकंदांत ओसरतं आणि भरून यायला मिनिटं घेतं. म्हणून १०–२० मीटर जीव तोडून पळ, मग दोन मिनिटं नुसता चाल. असं सहा ते आठ वेळा. तेवढ्याच अंतराला जास्त वेळ लागायला लागला की थांब. माझी पोरं इथेच रुसतात, ‘सर, घामच नाही आला!’ म्हणतात. घाम हे वेगाचं माप नाही रे.

हे आठवड्यातून दोनदाच, मध्ये दोन दिवस सोडून. तळजाईचा हलका चढ चांगला, पण पावसाळ्यात ओल्या मातीवर नको. माझ्या एका पोराची मांडी मागून अशीच धरली, अख्खा हंगाम गेला. ते मला अजून लागतं. दमाची फेरी आठवड्यात एक ठेव, रोजची बंद कर.